वाढत्या अंगाची लेथ

मीटिंगला कधी वेळेवर जाऊ नये. वेळेवर जाणाऱ्याला पुढची खुर्ची मिळते आणि पुढच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं. उशिरा येणारे शहाणे लोक दाराजवळ बसतात, ठराव मंजूर झाला की सगळ्यात आधी टाळ्या वाजवतात आणि सगळ्यात आधी घरी जातात. पण हे व्यवहारज्ञान काटकोन सरांना कोण सांगणार? ते शाळेत विज्ञान शिकवत होते. शहाणपण हा विषय त्यांच्याकडे नव्हता.

काटकोन सर हे नाव मुलांनी ठेवलेलं. व्हरांड्यात वळायचं झालं तर सर वळत नसत, कोपऱ्यापर्यंत सरळ जात आणि मग तिथून दुसरीकडे सरळ जात. फळ्यावर तारीख लिहायची तरी पट्टी लावत. आपल्याला हे नाव पडलंय हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडत होतं. बाकीच्या शिक्षकांना पडलेली नावं ऐकली तर कुणालाही आवडलं असतं.

तर त्या मीटिंगमध्ये संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. अध्यक्ष चांगले धिप्पाड, ताडमाड उंच. दारातून येताना मान वाकवायची सवय लागलेला माणूस. ते म्हणाले, "सहावी-सातवीच्या मुलांसाठी यंत्रशाळा काढायची. मुलांनी हातानं काम करायला शिकलं पाहिजे. सर, मशिनी तुम्ही निवडा, तुम्ही बसवा. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. पहिलं सत्र संपायच्या आत मुलांच्या हातचं काम मला दिसलं पाहिजे. नुसत्या झाकून ठेवायच्या असतील, तर सगळ्या उचलून आपल्या कॉलेजात नेईन. तिथले सर कधीचे माझ्या मागे लागलेत."

इथे सरांनी गप्प बसायला हरकत नव्हती. पण सरांना भरून आलं होतं. इतकी वर्षं ते फळ्यावर धातू कातायच्या लेथचं चित्र काढत होते, आणि फळ्यावरच्या लेथवर अजून साधा खिळासुद्धा घडला नव्हता. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, आपल्या शाळेतल्या एकाही दाराला मूठ उरलेली नाही. दारं आपण सुतळीनं ओढतो. या सत्रात प्रत्येक वर्ग आपल्या दाराची मूठ स्वतः करेल." टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात दाराजवळून.

मशिनी निवडायचं काम सरांनी अगदी शास्त्रशुद्ध केलं. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकं कडेला कड जुळवून मांडली, त्यामुळे घरातली माणसं आठवडाभर मांडीवर ताट घेऊन जेवली. एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, काम घट्ट पकडून ठेवणारे, बाकाला लावायचे शेगडे आणि एक छोटी लेथ. टेबलावर बसणारी, मुलांच्या मापाची, साध्या विजेवर चालणारी. निवड इतकी बिनचूक होती की ती तशीच राहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या संध्याकाळी सरांचे मेहुणे आले.

मेहुण्यांचं गणवेशाचं दुकान होतं. त्यांनी माहितीपत्रकावरच्या लेथकडे असं पाहिलं की जणू तिचं काज उसवलंय. "भावजी, ही किती लहान आहे!"

"मुलं लहान आहेत," सर म्हणाले.

"आज लहान आहेत. उद्या? अहो, मुलांचं काही कधी मापाचं घ्यायचं नसतं. माझ्या दुकानात रोज बघतो मी. पोराला घेऊन आई येते, मी मापाचा शर्ट काढतो, ती म्हणते दोन नंबर मोठा दाखवा. शिकलेली असो, अडाणी असो, हेच म्हणते. वाढतं अंग आहे भावजी! तुम्ही एवढी मशीन घेताय आणि ती मापाची?"

"शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. लेथच्या काय दुमडणार?"

मेहुण्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेला. मग सरांची बायको आतून म्हणाली, "दादाचं काय चुकलं? तुमचा लग्नातला कोट मापाचा शिवला होता. कुठाय आता?" कोटाचा विषय निघाला की सर बोलत नसत. कोट वर्षभरातच पोटावर मिटेनासा झाला होता आणि त्याला भूमितीत उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर शिक्षकांच्या खोलीत दाद मागायला गेले. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तीन मुलं वाढवली होती आणि ती वाढवताना जे कळलं त्यावर त्या शाळा चालवत. "मी तिघांनाही बूट नेहमी एक नंबर मोठा घेतला," त्या म्हणाल्या. "पुढे कापूस कोंबायचा. दोन वर्षं बघायला लागत नाही."

"बाई, लेथमध्ये कापूस कुठे कोंबणार?"

"ते तुम्ही बघा. विज्ञान तुमचं आहे."

चित्रकलेच्या बाईंना लहानपणी मोठ्या बहिणीचे फ्रॉक घालावे लागत, त्यांनी त्या बाजूने मत दिलं. शिपाईमामांनी स्वतःच्या विजारीला लावलेला पट्टा दाखवला. ती विजार ते नोकरीला लागले तेव्हा घेतली होती आणि आता कुठे बेतात येऊ लागली होती. खोलीतला एकही माणूस लहानपणी मापाचे कपडे घातलेला नव्हता, आणि आपलं काही वाईट झालं असं एकालाही वाटत नव्हतं.

आता एक आतली गोष्ट सांगायला हवी. लोकांनी सरांना फितवलं हे अर्धंच खरं आहे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एका मोठ्या लेथचा फोटो होता. लांबलचक अंग, मोठमोठी चाकं, भारदस्त हिरवा रंग. सर ते पान रोज झोपण्यापूर्वी एकदा बघत आणि बायको आली की मिटत. त्यामुळे एका बंद पडणाऱ्या कारखान्यातली तशीच लेथ छोटीच्याच भावात मिळतेय असं कळलं, तेव्हा सरांनी फार ताणलं नाही. "सगळ्यांचा आग्रहच आहे तर," असं म्हणून त्यांनी सही केली आणि खोलीबाहेर पडल्यावर व्हरांड्यात प्रथमच एक वळण गोल घेतलं.

लेथ आली ती ट्रकमधून. सरांनी दार आतून मोजलं होतं, बाहेरून मोजलं होतं, तिरपंसुद्धा मोजलं होतं. लेथ दारातून दोन बोटं राखून आत जात होती. फक्त दारासमोरचा व्हरांडा इतका अरुंद होता की लेथला दाराकडे तोंड वळवताच येईना. तिला काटकोनात वळता येत नाही असं दिसलं. नाही म्हणायला सरांना ते जमत होतं.

रस्त्यावर काम निघालं की सल्ला देणाऱ्यांना बोलवावं लागत नाही. भाजीवाला म्हणाला उभी करा. सायकलवरून चाललेला एक गृहस्थ उतरला आणि म्हणाला आडवी करा. ती आधीच आडवी होती, तरी तो शेवटपर्यंत थांबला. शेजारच्या इमारतीतले निवृत्त साहेब गच्चीतून "टनेज किती?" एवढंच विचारत राहिले. कुणी सांगितलं असतं तरी ते पुढे काय करणार होते हे शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर खिडकीखालची भिंत पाडायचं ठरलं. गवंडी आला, भिंत पडली, लोखंडी पाइपांवरून ढकलत लेथ आत गेली. मोठ्या बाई ढिगाऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "बघा, म्हणजे भिंतच आधी मोठी बांधायला हवी होती."

खोली पूर्वी मुलांच्या पाणी पिण्याची होती. फरशीला मोरीकडे उतार होता. आणि लेथ जराशी जरी वाकडी बसली तरी तिच्यावरचं काम एका टोकाला जाड नि एका टोकाला बारीक होतं. सरांना हे वाचून माहीत होतं आणि वाचलेलं प्रत्यक्षात येताना पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. पाणसळ मागवली गेली. गवंड्यानं चौथरा बांधला. उताराकडची बाजू उचलली, तर आता दुसरी बाजू खाली वाटायला लागली. ती उचलली, तर पहिली. पाणसळीतला बुडबुडा कधी इकडे पळायचा, कधी तिकडे. असं करत करत चौथरा चढत गेला. सगळ्यांचं लक्ष बुडबुड्याकडे होतं. उंचीकडे बघायचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. एका दुपारी बुडबुडा मधोमध येऊन थांबला, सरांनी श्वास रोखून धरला, गवंड्यानं बोल्टांभोवती सिमेंट ओतून टाकलं, आणि लेथ जागेला कायमची खिळली.

ती पाणसळ सर घरी घेऊन आले. घरातलं कपाट डावीकडे झुकलेलं निघालं. पलंग पायाकडे उतरता निघाला, म्हणजे इतकी वर्षं आपण घसरतोय अशी त्यांची खात्री पटली. सगळ्या वस्तूंखाली कागदाच्या घड्या गेल्या. टीव्हीवरचा बातम्या देणारा माणूससुद्धा त्यांनी मोजला. "आता माझ्या डोक्यावर ठेवून बघा," बायको म्हणाली. सर क्षणभर थांबले. ठेवली नाही, पण थांबले. हे तिनं नंतर कित्येक दिवस ऐकवलं.

मोठ्या लेथला मोठी वीज लागते, थ्री फेज. त्यासाठी सर वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला. "लेथ म्हणजे कारखाना."

"ही शाळा आहे हो."

"शाळेला थ्री फेज कशाला लागतो?"

"लेथसाठी."

"म्हणजे कारखाना." कारकून शांतपणे म्हणाला. "आणि आता मला सांगा, कारखान्याच्या आसपास शाळा आहे का?"

"आसपास नाही. चारी बाजूंनी आहे."

"मग तर फारच जवळ. शाळेची हरकत नाही असं शाळेच्या प्रमुखांचं पत्र आणा."

सरांना वाटलं, यात काय, घरचंच काम. त्यांनी मोठ्या बाईंपुढे कागद ठेवला. मोठ्या बाई तो वाचता वाचता लाल झाल्या. "शाळेला चिकटून कारखाना? आवाज, धूर, मुलांच्या जिवाला घोर! मी असलं पत्र मुळीच देणार नाही. कोण आहे हा कारखानदार?"

"मी आहे, बाई."

"तुम्ही? सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी पत्र दिलं, पण आपली जबाबदारी ओळखून खाली एक अट घातली. शाळेच्या वेळेत यंत्रं चालवू नयेत. ही अट काढायला जितके दिवस गेले तितक्यात एखाद्यानं कारखाना काढून बंदही केला असता. सत्र संपत आलं होतं. पण वीज आली. ड्रिल मशीन फिरलं, ग्राइंडर फिरला, लेथचा, काम पकडून फिरवणारा चक घुमला, आणि सरांच्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळी ते घरी जाताना गुणगुणत होते असं भाजीवाला सांगतो.

मग मुलांचा पहिला दिवस उजाडला. सहावीची मुलं रांगेत उभी. केस बांधलेले, बाह्यांची बटणं लावलेली, डोळ्यांवर गॉगल. सरांनी नियम सांगितले. पहिला नियम, चक फिरत असताना हात जवळ न्यायचा नाही. दुसरा नियम, काहीही झालं, कुणीही हाक मारली, तरी आधी मशीन बंद करायची, चक पूर्ण थांबू द्यायचा, मग दुसरं काय ते. मुलांनी नियम घोकले. सर म्हणाले, "चला, पहिलं कोण?"

वर्गात एक चष्मेवाली होती. शंका विचारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. ती चष्म्यावर गॉगल चढवून पुढे झाली आणि लेथसमोर उभी राहिली. तिनं हात वर केला. मग टाचा वर केल्या. चाकाची मूठ तिच्या कपाळासमोर येत होती आणि चक कुठे आहे हे तिला ऐकीव माहितीवरूनच कळणार होतं.

"सर," चष्मेवाली म्हणाली, "दिसत नाही."

दुसरं मूल आलं, तिसरं आलं. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आला, त्याला चाक पोचलं पण त्यासाठी हनुवटी मशिनीवर ठेवावी लागली. मशीन मोठी, तिच्याखाली चौथरा मोठा, आणि मुलं तेवढी मापाची. सर सगळ्यांकडे बघत उभे राहिले. त्यांनी भिंत मोजली होती, दार मोजलं होतं, टीव्हीवरचा माणूस मोजला होता. मूल मोजायचं राहिलं होतं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

आता सल्ल्यांना ऊत आला. मेहुणे म्हणाले, "अहो उत्तमच आहे की! मोठी झाली म्हणजे बरोबर झालं. दोन वर्षं थांबा, अशी फिट्ट बसेल की बघत राहाल."

"सत्र दोन आठवड्यांत संपतंय," सर म्हणाले.

"मग मुलांना जरा खाऊपिऊ घाला."

खेळाचे सर म्हणाले मुलांना रोज बारला लटकवतो, उंची वाढते. त्यांनी लटकवलीही. मुलांचे हात दुखायला लागले आणि पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. गच्चीतल्या निवृत्त साहेबांनी लेथचे पाय कापायला सांगितलं. शिपाईमामांनी स्टुलं आणली. सरांनी एका स्टुलावर पाणसळ ठेवली, स्टूल डुगडुगलं आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. फिरत्या चकासमोर डुगडुगत्या स्टुलावर ते एकाही मुलाला उभं करणार नव्हते. मग मशिनी गेल्या तरी चालतील, असं ते म्हणाले आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

असल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. अध्यक्षांचा निरोप आला. पुढच्या गुरुवारी येतो, ट्रक घेऊन येतो. त्याच्या आदल्या आठवड्यातच कॉलेजवाले सर मोजपट्टी घेऊन हजर झाले. माणूस अजून अंथरुणावर असताना एखादा नातेवाईक त्याच्या कपाटाकडे बघतो, तसे ते लेथकडे बघत होते. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "आमच्याकडची मुलं चांगली दांडगी आहेत. ज्याचा हात पोचतो त्याच्याकडे मशीन असलेली बरी." शिवाय जाता जाता त्यांनी लेथवरची धूळ आपल्या रुमालानं पुसली. सरांना हे फार लागलं. धूळ पुसायला ते स्वतः होते की.

त्या संध्याकाळी सर घरी आले ते थेट स्वयंपाकघरात जाऊन बसले. एरवी ते तिथे बसत नसत, पण बाहेरच्या खोलीत मेहुणे होते. बायको ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. सर तिच्याकडे बघत राहिले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू उंच झालीस का गं?"

"काय?"

"बाहेर तू माझ्या छातीला लागतेस. इथे खांद्याला लागतेयस."

बायकोनं लाटणं खाली ठेवलं. "खाली बघा," ती म्हणाली. सरांनी खाली बघितलं. ती एका उपड्या लाकडी खोक्यावर उभी होती. खोकं चांगलं जुनं होतं आणि त्यावर तिच्या पावलांच्या जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हे कधीपासून?"

"तुम्ही ओटा बांधलात तेव्हापासून! गवंड्यासमोर स्वतः उभे राहिलात, कोपर वाकवलंत आणि म्हणालात, शास्त्रीय उंची ही. मी ओरडून सांगितलं, अहो स्वयंपाक मी करते. तर म्हणालात, एकदा बांधला की कायमचा. तोडायचा तर चार दिवस चूल बंद. मग मी हे खोकं आणलं. दर वर्षी सांगते, तुम्ही दर वर्षी हूं म्हणता."

सर ओशाळले. अगदी खरंच ओशाळले, कान गरम होईपर्यंत. पण विज्ञानाचा माणूस ओशाळतानासुद्धा निरीक्षण करतो. त्यांनी जमिनीवर बसून खोकं हलवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. "डुगडुगत नाही," ते म्हणाले.

"ओट्याला नि फरशीला पक्कं ठोकलंय. मी काय वेडी आहे, उकळत्या तेलासमोर डुगडुगत्या खोक्यावर उभी राहायला?"

सर उठले. बायकोला वाटलं आता माफी मागणार. माफी त्यांनी मागितली, तीही दोनदा, पण दुसऱ्यांदा मागताना ते चपला घालत होते.

दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेत सरांनी प्रथम मुलं मोजली. एकेकाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि खडूनं कोपराची रेघ ओढली. भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून त्यांनी आजवर किती मुलांना बाहेर उभं केलं असेल, आणि आता सगळी भिंत त्यांनी स्वतःच रंगवून काढली. मोठ्या बाई दारात येऊन बघून गेल्या. एवढं झाल्यावर सर आता थकले असावेत, असं त्या शिपाईमामांना म्हणाल्या.

शाळेच्या रंगमंचाच्या जुन्या फळ्या पडून होत्या. त्या आल्या. मुलांनी मापं घेतली, मुलांनी ड्रिल मशिनीवर भोकं पाडली. ड्रिल मशीन बाकावर होती, तिथे सगळ्यांचे हात पोचत होते. लेथच्या पुढ्यात लांबच्या लांब फलाट उभा राहिला. मागे कठडा, जमिनीत आणि चौथऱ्यात बोल्ट, वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत रबर. बुटक्या मुलांसाठी आणखी एक फळी, खाचेत घट्ट बसणारी, हवी तेव्हा काढता येणारी. सरांनी त्यावर सातवीची सगळी मुलं एकदम नाचवून पाहिली. फलाट हलला नाही.

मग सर स्वतः वर चढले आणि त्यांचं डोकं ठाणकन माळ्याला आपटलं. लेथच्या वर मोडक्या बाकांनी गच्च भरलेला माळा होता. जमिनीवरून त्याचा कुणाला त्रास नव्हता, पण फलाटावर मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येईना. माळा उतरवायला आता वेळ नव्हता. आयुष्यभर ताठ चाललेल्या माणसाला तिथे कमरेतून वाकावं लागत होतं. सरांनी दोनदा प्रयत्न केला, दोनदा टेंगूळ आलं. मग ते खाली जमिनीवर उभे राहिले, कठड्याला हात धरून. तिथून शिकवू लागले. आता त्यांची नजर आणि मुलांची नजर एका रेषेत येत होती. मुलं त्यामुळे जास्त शंका विचारायला लागली, हा त्यातला एक तोटा.

पहिली मूठ वेडीवाकडी झाली. दुसरीचा आकार बटाट्यासारखा आला आणि सातवीनं ती अभिमानानं यंत्रशाळेच्याच दाराला लावली. सरांनी त्या मुठीकडे फार वेळ बघितलं. ती कुठल्याच बाजूनं सरळ नव्हती. त्यांनी ती धरून दार उघडलं, लावलं, परत उघडलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असंही त्यांना वाटलं नाही.

गुरुवारी अध्यक्ष आले. बरोबर कॉलेजवाले सर, बाहेर रिकामा ट्रक. मोठ्या बाईंनी वाटेतच सांगून टाकलं की मुलांचा हात आता पोचतो. पण मुठी दाखवल्या तरी अध्यक्षांचा विश्वास बसेना. "मुठी काय, बाजारातही मिळतात," असं कॉलेजवाले सर हळूच म्हणाले होते. बाजारात तशा मुठी मिळाल्या असत्या तर बाजार बंद पडला असता, पण हे त्यांना कोण सांगणार? अध्यक्ष म्हणाले, "मला काम होताना बघायचंय. समोरून."

फलाटावर चष्मेवाली होती. चक घुमत होता, हत्यार हळूहळू पुढे सरकत होतं, लोखंडाचा कीस कुरळा होऊन खाली पडत होता. सर खाली कठड्याशी उभे होते. "साहेब, जरा वाकून..." एवढं ते म्हणतात तोच अध्यक्ष दोन पायऱ्या एका ढांगेत चढले.

माळ्यावरचे सगळे बाक एकदम खडखडले.

अध्यक्ष डोकं धरून वाकले. सरळ व्हायला गेले, पुन्हा आपटले. मग गुडघे दुमडून, मान खाली घालून, एक हात माळ्याला नि एक हात टाळूला लावून ते तिथेच अडकून पडले. "सर!" ते गरजले. "ही काय जागा आहे? इथे माणसाला धड उभंही राहता येत नाही!"

चष्मेवालीनं नजर कामावरून हलवली नाही.

"आम्हाला येतं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष वाकलेल्या अवस्थेतच तिच्याकडे बघत राहिले. वाकल्यामुळे त्यांचं तोंड नेमकं तिच्या तोंडाइतक्या उंचीवर आलं होतं आणि तिला जे दिसत होतं ते सगळं आता त्यांनाही दिसत होतं.

"बाळ, मला जरा खाली उतरायला हात दे," ते म्हणाले.

"थांबा."

तिनं हत्यार मागे घेतलं. मशीन बंद केली. चक फिरत होता. अध्यक्षांनी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. कॉलेजवाले सर घाईनं मदतीला पुढे झाले, तशी ती त्यांनाही म्हणाली, "थांबा." चक मंद झाला, आणखी मंद झाला आणि एकदाचा पूर्ण थांबला. संस्थेचे अध्यक्ष तोवर तसेच वाकून उभे होते. मग तिनं हात पुढे केला आणि त्यांना एक एक पायरी जपून उतरवलं.

खाली आल्यावर अध्यक्षांनी कंबर सरळ केली, टेंगूळ चाचपलं, आणि कॉलेजवाल्या सरांकडे वळून विचारलं, "तुमच्याकडची मुलं केवढी आहेत हो?"

"चांगली दांडगी आहेत, साहेब," कॉलेजवाले सर उत्साहानं म्हणाले. "एकेक जण तुमच्याएवढा."

"मग त्यांना नाही जमायचं," अध्यक्ष म्हणाले, आणि ट्रक रिकामा परत पाठवायला सांगून दाराची बटाट्यासारखी मूठ ओढून बाहेर पडले.